पिशवी आणि मेहनत

मैत्रिणींनो, आपल्या वस्त्यांत 'पिशवी' म्हटलं की गर्भाशय. पिशवी खाली आली, पिशवी काढली, असं बायका सांगतात. आज मी बोलणार आहे ती कांगारूच्या पोटावरच्या पिशवीबद्दल.

तांबड्या कांगारूचं गर्भारपण जेमतेम ३३ दिवसांचं. पिल्लू दोन-अडीच सेंटिमीटरचं, वजन एक ग्रॅमही नाही. डोळे मिटलेले. आईच्या केसांना धरत ते स्वतःच पिशवीपर्यंत चढतं आणि स्तनाग्र तोंडात धरून बसतं. पुढचे सुमारे आठ महिने खरी वाढ तिथे. कधी पिशवीतलं तान्हं आणि बाहेर हिंडणारं थोरलं, दोघंही पितात. तेव्हा दोन स्तनाग्रांतून दोन तऱ्हेचं दूध येतं! याला सगळे आईची माया म्हणतात. मला तरी ती मेहनत दिसते.

१९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी हीच रीत माणसांसाठी वापरली. इस्पितळात काचेच्या पेट्या अपुऱ्या, एका पेटीत एकाहून जास्त बाळं, संसर्ग ठरलेलाच. त्यांनी अपुऱ्या दिवसांची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवली. ऊब त्वचेची, दूध अंगावरचं. हा गरिबांचा उपाय नाही. २०२१ साली भारतासह पाच देशांतला अभ्यास प्रसिद्ध झाला: कमी वजनाचं बाळ स्थिरावण्याची वाट न बघता जन्मल्यावर लगेच छातीशी घेतलं, तर पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटतात. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाचे ८ ते २४ तास बाळ असं ठेवा.

चोवीस तास! मग पाणी कोण भरणार? थोरल्या मुलाला कोण जेवू घालणार? बुडालेली मजुरी कोण देणार? मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला मिळतात ५,००० रुपये, तेही हप्त्यांनी. कित्येक ठिकाणी बाळ नवजात कक्षात आणि आई बाहेर, व्हरांड्यात. तिला 'बाळ छातीशी धर' सांगणं सोपं आहे, शेजारी खाट देणं जड जातं.

आणि बाप? समुद्रघोडा नावाच्या माशात पिशवी नरालाच असते. मादी अंडी त्यात सोडून मोकळी होते, बाळंत होतो तो. (हसू नका, खरं आहे.) माणसाच्या बाबतीत तर पिशवीही लागत नाही. बापाच्या छातीलाही ऊब असते, आजी-मावशीच्याही. दूध सोडून बाकी पाळ्या लावता येतात.

पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येकीने आपल्या भागातल्या सरकारी रुग्णालयात जाऊन यावं. नवजात कक्षात आईची खाट आहे का, बापाला आत सोडतात का, एवढं विचारून, लिहून आणावं.