ती दहा मिनिटं

आमच्या बचत गटातल्या आम्ही सगळ्या हमरस्त्याकाठच्या गावातल्या. गेल्या पावसाळ्यात फाट्यावर एसटीची वाट बघत होतो, तेवढ्यात समोर एक कार दुभाजकावर आदळली. आम्ही धावलो, पण गाडीजवळ जाऊन थबकलो. "हात लावू नका, पोलिसांचं लचांड मागे लागेल," कुणीतरी म्हणालं. दहा मिनिटं आम्ही नुसत्या उभ्या राहिलो. शेवटी एका ट्रकवाल्यानं फोन केला. गाडीतली बाई वाचली, पण ती दहा मिनिटं आम्हांला अजून टोचतात.

मग आम्ही माहिती काढली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ आलं. चांगल्या हेतूनं जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. आपलं नाव-पत्ता सांगायची सक्तीही कुणी करू शकत नाही. म्हणजे आमची भीती फुकटची होती!

तेव्हा असं करा. मागून येणाऱ्या गाड्यांना लांबूनच इशारा करा, नाहीतर दुसरा अपघात व्हायचा. गाडीचं इंजिन बंद करा. १०८ किंवा ११२ ला फोन लावा; फाट्याचं नाव, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरा. पाणी पाजू नका. गाडी पेटायची भीती नसेल तर जखमीला ओढून काढू नका. मानेला, मणक्याला मार असला तर ओढाताणीनं इजा वाढते.

आणि अपघात आपल्याच माणसाला झाला तर? "आपसात मिटवू" म्हणत कुणी कोरा कागद पुढे केला, तर सही करू नका. एफआयआरची आणि पंचनाम्याची प्रत, दवाखान्याचे कागद, औषधांची बिलं एकाच पिशवीत ठेवा. भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. कायद्यानं त्याला अपघातापासून ६ महिन्यांची मुदत दिली आहे. दुःखात दिवस कसे जातात कळत नाही, म्हणून तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आम्ही १०८ आणि ११२ हे आकडे फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर रंगवून घेतलेत. तुमच्या फाट्यावरही रंगवा. पुढच्या वेळी कुणी नुसतं बघत उभं राहायला नको.