परगावचा सामना

‘आपल्या गल्लीत कुत्रंसुद्धा वाघ असतं’, असं आपण म्हणतो. म्हणताना बहुधा कुणाला तरी हिणवायचं असतं. पण गल्ली बदलली की त्या वाघाचं नेमकं काय होतं, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आज तो करू या. त्यासाठी मी तुम्हाला जरा लांब नेणार आहे. अमेरिकेत, बास्केटबॉलच्या मैदानावर.

हा खेळ एका शिक्षकाने काढला, हे आपल्या गुरुजींनी मुद्दाम ध्यानात ठेवावं. १८९१ सालच्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड गावी, वाय. एम. सी. ए.च्या शिक्षणसंस्थेत जेम्स नेस्मिथ व्यायाम शिकवीत होते. बाहेर कडाक्याची थंडी, आत कंटाळलेले तरुण. नेस्मिथांनी व्यायामशाळेच्या सज्जाला दोन्ही टोकांना पीच नावाच्या फळांच्या टोपल्या ठोकल्या आणि त्यांच्या हाती चेंडू दिला. सज्जा होता १० फूट उंच. म्हणून आजही मोठ्यांच्या सामन्यात, कुठंही जा, कडं १० फुटांवरच असतं.

हे ‘कुठंही जा’ लक्षात ठेवा. आपलं कोडं तिथंच आहे. कडं तेवढंच उंच, मैदान तेवढंच लांब, चेंडू तोच, गडीही तेच. मग आपल्या गावी जिंकणारा संघ परगावी का हरतो?

अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांच्या मोठ्या स्पर्धेला एन. बी. ए. म्हणतात. संघ ३०. मोसमात प्रत्येकाच्या वाट्याला ८२ सामने. साधारण निम्मे स्वतःच्या गावी, निम्मे परगावी. त्यातले १६ संघ बाद फेरीत जातात. तिथं एका सामन्यावर निकाल लागत नाही. सात सामन्यांची मालिका असते. जो आधी चार जिंकेल तो पुढं. मोसमात ज्याची कामगिरी सरस, त्याला पहिला, दुसरा, पाचवा आणि सातवा असे चार सामने घरी मिळतात.

आता २००८ सालची गोष्ट ऐका. बोस्टनच्या सेल्टिक्स संघाने त्या मोसमात ८२ पैकी ६६ सामने जिंकले. त्यातले परगावी खेळलेले होते ४१, आणि त्यातही जिंकले ३१. म्हणजे परगावाला भिणारा हा संघ नव्हे. बाद फेरीत पहिली गाठ पडली अटलांटाशी. अटलांटाने मोसमात जिंकले होते ३७ आणि हरले होते ४५. सगळ्यांना वाटलं, चार सामन्यांत काम उरकेल. पण बोस्टन घरी चारही जिंकलं आणि अटलांटात तिन्ही हरलं. पुढची गाठ क्लीव्हलँडशी. तिथंही तेच : घरी चार विजय, परगावी तीन पराभव. परगावी सहा खेळले, सहाही गमावले. देशातला सर्वोत्तम संघ दोनदा सातव्या सामन्यापर्यंत ओढला गेला, आणि ते दोन्ही सातवे सामने घरी होते म्हणूनच वाचला, असं म्हटलं तर चूक ठरू नये.

तुम्ही म्हणाल, प्रवासाने दमले असतील. थोडंफार असेल. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच आहे. तिथं पाहुण्याला धाप लागते. पण बाद फेरीत दोन सामन्यांच्या मध्ये बहुधा दिवस मोकळा असतो, आणि विमानंही संघाची स्वतंत्र असतात. मोसमात आज इथं, उद्या तिथं अशी जी धावपळ होते, ती बाद फेरीत कमीच. नुसत्या थकव्याने हे कोडं सुटत नाही.

दुसरं कारण साधं आहे. मोसमात परगावी मिळालेल्या विजयांत दुबळ्या संघांविरुद्धचे पुष्कळ असतात. बाद फेरीत दुबळे उरत नाहीत. त्याहून विशेष म्हणजे, तोच प्रतिस्पर्धी पुन्हा पुन्हा समोर येतो. तुमचा डावा हात कच्चा आहे हे त्याला दुसऱ्या सामन्यात कळतं, आणि तिसऱ्या सामन्यात, स्वतःच्या गावी, तो तुम्हाला डावीकडेच ढकलतो.

तिसरं, सातवा सामना घरी मिळतो तो मुळात सरस संघालाच. म्हणून १९४७ ते २०२५ या काळात अंतिम मालिकेचे सातवे सामने २० झाले, त्यांपैकी पाहुण्यांनी फक्त चार जिंकले, हे ऐकून सगळं श्रेय गावाला देऊ नका. काही श्रेय ताकदीचंही आहे.

चौथं कारण प्रशिक्षक सांगतात. संघातले एकदोन मोठे गडी कुठंही खेळतात. परगावी ढेपाळतात ते त्यांच्या मागचे, राखीव फळीतले. घरच्या आरोळीने ज्याला बळ येतं, त्याला परक्या आरोळीत चेंडू जड वाटतो.

आता आरोळीकडे येऊ. बास्केटबॉलमध्ये फाऊल झाला की गड्याला १५ फुटांवरून, कुणी न अडवता, चेंडू टाकायला मिळतो. पाहुणा टाकू लागला की कड्यामागचे प्रेक्षक ओरडतात, हात हलवतात, रंगीत फुगे नाचवतात. आपल्याला वाटेल, इथंच पाहुणा चुकत असणार. पण अभ्यासकांनी हजारो सामन्यांची मोजदाद केली तेव्हा घरचे आणि पाहुणे यांची यातली नेमबाजी जवळजवळ सारखीच निघाली! मग एवढ्या ओरड्याचा परिणाम होतो तरी कुणावर?

पंचावर.

२००२ साली इंग्लंडमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. फुटबॉलच्या ४० पंचांना एकाच सामन्यातले प्रसंग पडद्यावर दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. फाऊल आहे की नाही एवढंच सांगायचं. ज्यांच्या कानी आवाज होता, त्यांनी घरच्या संघाविरुद्ध कमी फाऊल दिले. त्या पंचांना कुणी लाच दिली नव्हती, धमकीही दिली नव्हती. संशय आला की माणूस आधार शोधतो, आणि गर्दी तो आधार आयता देते.

२०२० साली करोनाच्या साथीत एन. बी. ए.ची बाद फेरी फ्लोरिडात एकाच ठिकाणी, प्रेक्षकांवाचून झाली. एक संघ यजमान, दुसरा पाहुणा, हे फक्त कागदावर. त्या नावापुरत्या यजमानांचं पारडं जवळजवळ समतोल झालं. प्रवासही नव्हता, हे खरं. तेव्हा सगळं प्रेक्षकांवर घालू नये. पण गाव काढून घेतलं की वाघ काय उरतो, ते तिथं दिसलं.

श्रोतेहो, हे सगळं मी वाचलं तेव्हा मला माझाच एक सामना आठवला. मी शाळेत शिकवीत होतो. तालुक्याच्या कबड्डी सामन्यांत मला पंच केलं होतं. सामना आमच्याच गावात होता. शेवटच्या मिनिटाला पाहुण्यांच्या एका पोराला आमच्या पोरांनी पकडलं. तो मध्यरेषेकडे झेपावला. धुरळा उडाला, सारं गाव ओरडलं, ‘बाद!’ मी हात वर केला. आमचा संघ जिंकला. मुलं पांगल्यावर तो पोरगा हळूच येऊन म्हणाला, ‘गुरुजी, दम होता, अन् हात रेषेला लागला होता.’ भांडला नाही, नुसतं सांगून गेला. मी प्रामाणिकपणे निर्णय दिला होता, अशी माझी समजूत होती. आज मला वाटतं, तो हात मी वर केला नव्हता. गावाने केला होता. त्या पोराला ते सांगायचं राहून गेलं.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली गुरुजींना. आपली मुलं परगावी हरून आली तर ‘घाबरट’ म्हणू नका. ६६ सामने जिंकणारा संघही तिथं सहादा हरला. सराव घेताना बाकीच्या वर्गाला भोवती उभं करून ओरडायला सांगा, म्हणजे परका आवाज ओळखीचा होईल. आणि पंच म्हणून उभे राहिलात तर कान मिटून डोळ्यांना विचारा. डोळ्यांनी पाहिलं नसेल तर गर्दीचं उत्तर उसनं घेऊ नका.

दुसरी गोष्ट गावाला. आपल्या पोरांसाठी जरूर ओरडा. पण पाहुण्या पोरानं चांगली चढाई केली तर दोन टाळ्या त्यालाही द्या. त्याने आपला संघ हरणार नाही.

परगावी जिंकता येत नाही असंही नाही. १९६९ च्या अंतिम मालिकेत पहिले सहाही सामने यजमानांनीच जिंकले होते. सातवा होता लॉस एंजेलिसला. विजयाच्या आनंदात सोडायचे म्हणून तिथल्या छताला आधीच फुगे बांधून ठेवले होते. बोस्टनने तो सामना १०८–१०६ असा जिंकला, आणि फुगे वरच राहिले. २००८ च्या बोस्टन संघाचंही तसंच झालं. सहा पराभवांनंतर तो डेट्रॉइटला गेला आणि तिथला पहिलाच सामना ९४–८० असा जिंकला. पुढं अंतिम मालिकेत, लॉस एंजेलिसला, २४ गुणांची पिछाडी भरून काढून त्याने सामना घेतला, आणि अखेर अजिंक्यपदही मिळवलं.

कडं १० फुटांवरच होतं. अटलांटात होतं तेवढंच.