दुकानाच्या गल्ल्यावर बँक

(आजरा येथे व्यापारी व गृहिणी यांच्या एकत्रित बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजऱ्याच्या बाजारपेठेत बँकांची वानवा नाही. शाखा आहेत, पतसंस्था आहेत, टपाल कार्यालय आहे. परंतु तालुका म्हणजे केवळ बाजारपेठ नव्हे. घाटकरवाडी किंवा सुळेरान येथील एखाद्या वृद्धेला स्वतःच्याच खात्यातील पाचशे रुपयांसाठी आजऱ्यास यावे लागले, तर तिचा दिवस मोडतो. २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे भाडे आहे, हे खरे. पण बुडालेली मजुरी कोणी निम्मीसुद्धा परत देत नाही. त्यातून आषाढातला पाऊस, चिखलाची वाट आणि शाखेत गेल्यावर ‘आज यंत्रणा बंद आहे’ हे उत्तर! हा खर्च कोणत्याही पासबुकात नोंदला जात नाही.

या अडचणीवरचा उपाय म्हणजे गावातील किराणा दुकानात बसलेला बँकेचा प्रतिनिधी. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००६ मध्ये बँकांना असे व्यवसाय प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली. आरंभी ती स्वयंसेवी संस्था, सहकारी संस्था, टपाल कार्यालये अशांपुरती होती. नोव्हेंबर २००९ मध्ये किराणा दुकानदार, औषध विक्रेते व रास्त भाव दुकानदार यांनाही हे द्वार खुले झाले. पुढे आधार क्रमांक खात्यांना जोडले गेले, २०१४ मध्ये जनधन योजना आली आणि ‘बँक मित्र’ हा शब्द खेडोपाडी रुळला. २०२० च्या टाळेबंदीत महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा पाचशे रुपये जमा झाले, तेव्हा गर्दी टाळून ते हाती पडण्याचा जवळचा मार्ग अनेक गावांत हाच होता.

यातील व्यवहार समजून घेण्याजोगा आहे. खातेदार अंगठा लावतो. त्याच्या खात्यातून रक्कम वजा होऊन दुकानदाराच्या खात्यात जमा होते आणि दुकानदार आपल्या गल्ल्यातील रोकड त्याच्या हाती देतो. म्हणजे दिवसभराच्या विक्रीचा पैसा पिशवीत घालून तालुक्याला भरण्यास नेण्याची दुकानदाराची यातायातही कमी होते. पैसे काढायला आलेला माणूस जाताना साखर-चहापत्ती घेऊन जातो, हा लाभ तर व्यापाऱ्यांना मी सांगण्याची आवश्यकता नाही!

आपल्या भागाला ही कल्पना सर्वस्वी नवी नाही. सीमेपलीकडे उडुपीत स्थापन झालेल्या, पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावारूपास आलेल्या संस्थेने १९२८ मध्ये पिग्मी ठेव सुरू केली. दारी येणाऱ्या प्रतिनिधीच्या हाती रोज दोन आणे ठेवायचे, अशी ती पद्धत. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. पिग्मी हा शब्द मात्र कोल्हापूर जिल्ह्यातल्या पानपट्टीवाल्यालाही समजावून सांगावा लागत नाही. भेद एवढाच की, पिग्मी केवळ गोळा होत असे, येथे पैसा काढताही येतो. दुसरे असे की, महाराष्ट्रात बुडालेल्या पतसंस्थांनी अनेक घरांची आयुष्यभराची शिल्लक नेली. दुकानातल्या प्रतिनिधीमार्फत ठेवलेला पैसा बँकेच्या खात्यात असतो. त्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे आणि प्रतिनिधीच्या कृतीस बँक उत्तरदायी आहे.

आता जी गोष्ट बोलायला अवघड, ती बोलतो. दुकानदार हा गावाचा परिचित माणूस, म्हणूनच लोक त्याच्याकडे निःसंकोच जातात. परंतु तोच त्यांचा धनकोही असतो. एकाच फळीवर बँकेचे यंत्र आणि उधारीची वही! निराधार योजनेचे अनुदान काढायला आलेल्या बाईचे पंधराशे निघाले आणि ‘मागचे सातशे वळते करून घेतो’ म्हणून आठशेच हाती ठेवले, तर नियमाने तो गैरव्यवहार आहे. ती बाई मात्र तक्रार करणार नाही, कारण उद्याचे तेल-मीठ त्याच दुकानातून यायचे आहे. उधारी वसूल करण्याचा अधिकार व्यापाऱ्याला जरूर आहे. पण काढलेली पूर्ण रक्कम प्रथम तिच्या हाती मोजून दिली पाहिजे. मग तिने स्वेच्छेने देणे फेडावे. हे अंतर दोन मिनिटांचे असेल, पण पैसा कोणाचा हे त्या दोन मिनिटांत ठरते.

भगिनींनी काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. पावती मागावी, वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्यावी. ‘अंगठा उमटला नाही, पुन्हा लावा’ असे म्हटल्यास आधीच्या वेळी रक्कम वजा झाली नाही ना, हे पाहावे. शेतात राबणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात, त्यामुळे असे खरोखरच घडते. आणि लबाडही याच सबबीचा आधार घेतो. ठशांची नक्कल करून पैसे लांबवल्याचे प्रकार देशात घडले आहेत. आधारवरील ठसे कुलूपबंद करण्याची सोय आहे, गरज नसेल तेव्हा ती वापरावी. प्रतिनिधीने परस्पर जादा पैसे मागितल्यास ते देऊ नयेत. तशी मुभा त्याला नाही.

मात्र दुकानदाराकडून सचोटीची अपेक्षा करताना त्याचा मोबदलाही पाहावा लागेल. गिऱ्हाईक सोडून तो यंत्रासमोर उभा राहतो, संपर्क तुटला की बोलणी खातो, रोकड सांभाळण्याची जोखीम घेतो. प्रत्येक व्यवहारामागे मिळणारे काही रुपये वेळेवर आणि हिशेबासह मिळाले नाहीत, तर तो एक तर यंत्र कपाटात ठेवील किंवा ग्राहकाच्या खिशातून भरपाई करील. बँकेच्या अधिकाऱ्यांनी महिन्यातून एकदा तरी या दुकानांत जावे, पावत्या पडताळाव्यात, दोन खातेदारांशी दुकानदाराच्या अपरोक्ष बोलावे. दुकानाच्या दर्शनी भागी बँकेचे नाव, शाखेचा दूरध्वनी आणि शुल्काचा तक्ता मराठीत, ठळक अक्षरांत असावा. हा फलक लावण्याचे काम व्यापारी मंडळींनी बँकेची वाट न पाहता या आठवड्यात करावे, अशी माझी विनंती आहे.