मोटारीचा आर्मरेस्ट आणि आपले हात



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि हळूहळू ती प्रथा गावोगाव गेली. गीतेपासून गणितापर्यंत कोणताही विषय या व्यासपीठांना वर्ज्य राहिलेला नाही. तरीही ‘मोटारीतील आर्मरेस्टचे झिजलेले चामडे घरच्या घरी बदलणे’ हा आमचा विषय पत्रिकेत वाचून पुष्कळांना हसू आले असेल. त्याला आमची हरकत नाही. हा विषय पनवेलीत बोलावयाचा नाही तर कोठे बोलावयाचा, एवढेच आम्ही विचारतो.

कारण वाहनांची सेवा हा या गावाचा जुना धंदा आहे. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि देशावरचा माल बैलगाड्यांनी पनवेल बंदरात येऊ लागला; येथून तो होड्यांनी मुंबईस जाई. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियर उघडून पाहिले, तर या गावाचा मुख्य उद्योग म्हणून नोंद आहे ती गाडीच्या चाकांची. घाट उतरून आलेला गाडीवान परत जाताना पनवेलची चाकांची जोडी घेऊन जात असे. पुढे आगगाडी आली, मोटारी आल्या, द्रुतगती मार्ग झाला. बैलगाडीचे चाक गेले, पण रस्ता राहिला, आणि रस्त्याच्या कडेचा गॅरेजवाला, पंक्चरवाला, कुशनवालाही राहिला. तेव्हा आपण आपल्याच गावच्या परंपरेतले बोलत आहोत.

आर्मरेस्ट म्हणजे दोन आसनांच्या मधली, किंवा दरवाजाला आतून लावलेली, हात टेकण्याची गादी. माणूस स्टिअरिंगवर एक हात ठेवतो आणि दुसऱ्या हाताचे कोपर वर्षानुवर्षे त्या एकाच जागी टेकवतो. घाम, अंगाचे तेल, काचेतून येणारे ऊन आणि आपल्या खाडीकाठची दमट हवा, या चौघांनी मिळून पाचसात वर्षांत त्याची कातडी सोलून काढलेली असते. पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीला काळे पापुद्रे चिकटू लागले म्हणजे घरातून पहिली तक्रार येते.

येथे एक गौप्यस्फोट करतो. ज्याचे असे पापुद्रे निघतात, ते बहुधा चामडे नसतेच. खरे चामडे कोरडे पडते, त्याला भेगा जातात, त्याचा रंग उडतो. ते कांद्यासारखे सुटत नाही. सुटते ते कापडावर चढवलेले प्लास्टिकचे पातळ अस्तर. आपण त्या सगळ्याला सरसकट रेक्झिन म्हणतो. त्यातले पॉलियुरेथेनचे मऊ अस्तर दमट हवेत आतूनच विघटित होते, म्हणून सोलापुरात जे दहा वर्षे टिकेल ते पनवेलीत टिकेलच असे नाही. उसवलेल्या तुकड्याची मागची बाजू पाहावी. विणलेले कापड दिसले तर रेक्झिन. केसाळ, गुंतलेले तंतू दिसले तर चामडे. बदलताना खरे चामडे घालावे असे आमचे मत आहे.

आता कोणी म्हणेल, कंपनीच्या दुकानातून नवा आर्मरेस्ट आणावा. अवश्य आणावा. पण तेथे वरचे कातडे सहसा सुटे मिळत नाही; झाकण, बिजागरी, खालचा डबा असा सगळा संच घ्यावा लागतो. सदरा फाटला म्हणून शिंप्याने माणूसच बदलून द्यावा, तशातली ही गोष्ट आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या कारागिरांना खुलेपणाने मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा तिच्यापुढच्या चार क्षेत्रांत मोटारी होत्याच. हक्काचे काय व्हायचे ते होईल. आम्हांला त्याआधीची गोष्ट सांगावयाची आहे : हक्क मिळाला तरी तो बजावण्याइतकी कला आपल्या हातांत आहे काय?

प्रत्यक्ष कामाकडे येऊ. मधल्या आर्मरेस्टचे झाकण उघडले की बिजागरीचे स्क्रू दिसतात. ते काढून झाकण घरात, चांगल्या उजेडात आणावे. त्याची खालची पाटी सोडवली की कळते, या भारदस्त वस्तूचे रहस्य एवढेच : एक प्लास्टिकची फळी, तीवर फोम, त्यावर ताणून बसवलेले कातडे आणि कडेने मारलेल्या तारेच्या पिना. दरवाजाच्या आर्मरेस्टमध्ये मात्र काचा वरखाली करण्याची बटणे व वायरी असतात; तेथे आधी बॅटरीची ऋण बाजू सोडावी आणि हिसका देऊ नये. आणि आसनांच्या कुशीत जेथे एअरबॅग दडलेली असते, तेथील शिवणीला हौसेने हात लावू नये. अपघाताच्या क्षणी ती शिवण फाटावी अशीच घातलेली असते. आपली पक्की शिवण तेथे घात करील.

पिना काढून जुने कातडे फाडू नये. ब्लेडने टाका टाका उसवावा, प्रत्येक तुकड्यावर पुढचा-मागचा, डावा-उजवा लिहावे. हेच आपले माप. पण त्यावर आंधळा विश्वास नको, कारण वर्षांच्या भाराने ते एका अंगाला ताणलेले असते. कागदावर आखून, मधोमध घडी घालून दोन्ही अर्धी जुळतात का ते पाहावे. शिवणीसाठी आठदहा मिलिमीटर आणि खाली दुमडण्यासाठी इंचभर जास्त ठेवावे.

चामड्यासाठी एखाद्या रविवारी हार्बरने कुर्ल्यास जावे, गाडी बदलून शीवला उतरावे आणि धारावी गाठावी. चामडे मीटरवर नव्हे, चौरस फुटावर विकले जाते. एका झाकणाला दोनअडीच फूट पुरते. जाडी एक ते सव्वा मिलिमीटर मागावी. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कोल्हापुरी पद्धतीचे कातडे चपलेला उत्तम, पण येथे नको. पाण्याचा डाग पडतो, उन्हाने काळवंडते आणि कोपऱ्यावर वळत नाही. क्रोमने कमावलेले मऊ चामडे घ्यावे. जनावराच्या पाठीच्या बाजूचे चामडे कमी ताणते, पोटाकडचे फार ताणते. म्हणून वरचा मोठा तुकडा पाठीकडून कापावा.

आता शिवण. कापडात सुई चुकली तर काढून पुन्हा घालता येते. चामड्यात पडलेले भोक जन्माचे. म्हणून टाचण्या लावायच्या नाहीत, कपडे वाळत घालावयाचे चिमटे लावावे. कड जाड राहिली तर शिवणीवर उंचवटा येतो, तेव्हा ती रापीने आतून छिलून पातळ करावी. आरीने समान अंतरावर भोके पाडावीत, मेण लावलेला दोरा घ्यावा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवाव्यात, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया विरुद्ध दिशांनी काढाव्यात. यंत्राची शिवण एका जागी तुटली की पुढे उसवत जाऊ शकते. या शिवणीत एक टाका गेला तरी शेजारचे जागचे हलत नाहीत.

रापी आणि आरी हे शब्द उच्चारले की आमच्यासारख्या शहरी, कारकुनी वळणाच्या माणसाला थोडे थांबावे लागते. ही दोन हत्यारे ज्यांनी शतकानुशतके वापरली, त्यांना आपण कसे वागविले? विहिरीवर चामड्याची मोट चाले. तिच्या पाण्यावर मळे पिकत, त्या मळ्यातली भाजी आपण नैवेद्याच्या पानात वाढीत असू. आणि ती मोट ज्या चर्मकाराने थेंब न गळेल अशी शिवली, त्याच्या हातचे पाणी आपल्याला चालत नव्हते. बलुतेदारांच्या यादीत त्याचे नाव होते, पंगतीत नव्हते. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. बोटांमधला संकोच कोणते कलम काढणार? कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ साली इटलीतील एका बड्या घराने तशाच वहाणा मिलानच्या मंचावर आणल्या, तेव्हा आपण सारे कारागिरांच्या बाजूने उसळून उठलो. ठीक झाले. पण उसळलेल्यांपैकी किती जणांनी जन्मात एकदा तरी रापी हातात धरली होती? ज्यांच्या घरी ती पिढ्यान्‌पिढ्या आहे त्यांना हा प्रश्न नाही. तो आम्हां इतरांना आहे. पहिले दहा टाके घालून पाहा. ते नागमोडी जातात, बोटात आरी घुसते, आणि चपलेचा अंगठा शिवायला मागितलेले वीस रुपये आपण घासाघीस करून पंधरावर आणले होते, ते नेमके तेव्हा आठवते.

शिवलेले कातडे बसविण्यापूर्वी फोम पाहावा. पिवळा पडून त्याचा भुगा होत असेल तर नवा घालावा, पण तेवढ्याच जाडीचा. मऊपणाच्या लोभाने जाड घातला तर झाकणाची कळ लागत नाही. मग सोल्यूशन : फोमला आणि चामड्याच्या मागच्या बाजूला पातळ थर, खिडक्या उघड्या, जवळ दिवा-उदबत्ती नाही. बोटाला चिकटेनासे होईपर्यंत दहापंधरा मिनिटे थांबावे, कारण दोन थर एकदा भेटले की सुटत नाहीत. शिवण मध्यरेषेवर धरून मधून कडेकडे दाबत जावे. केस वाळवण्याच्या यंत्राची ऊब दिली की चामडे मऊ येते. पिना समोरासमोरच्या बाजूंना आलटून पालटून माराव्यात. एकच बाजू आधी संपवली की शिवण तिरकी जाते. कोपऱ्यावर करंजीला मुरड घालतो तशा बारीक चुण्या घ्याव्या, आणि त्या सगळ्या खाली, नजरेआड ठेवाव्या.

एवढा खटाटोप नको असेल, तर महामार्गावरच्या कुशनवाल्याकडे झाकण न्यावे. तो तासाभरात करील, आणि त्याच्याशेजारी उभे राहून पाहिले तर आमच्या व्याख्यानापेक्षा अधिक शिकवील. चामडे मात्र आपण न्यावे आणि मजुरी तो सांगेल ती द्यावी.

नंतरची निगा थोडी आहे. खोबरेल लावू नये, त्याने धूळ बसते आणि दोरा कुजतो. ओलसर फडक्याने पुसावे, पावसाळ्यात बुरशी दिसली तर लगेच कोरड्या कापडाने काढून गाडीची दारे वाऱ्याला उघडी ठेवावीत. काम करावयाचे असेल तर आताच करावे. दमट हवेत सोल्यूशन नीट धरत नाही, आणि मृग नक्षत्राला फार दिवस उरलेले नाहीत.