खांड कुणाची, नुकसान कुणाचे?



पेण-अलिबागच्या खारेपाटात शेतकऱ्याचे सारे जीवित बांधावर अवलंबून असते. भरतीचे पाणी बांध अडवतो, पावसाचे पाणी उघाडीवाटे बाहेर जाते. बांधाला खांड पडली की उभे भातपीक जाते आणि जमिनीत खार मुरल्यामुळे पुढील हंगामही बुडतात. कुळाचे हे नुकसान भरून देणे कुणाचे कर्तव्य, हा प्रश्न येथे जुनाच आहे.

खोतीच्या काळात त्याचे उत्तर सोयीचे होते. जमीन खोताची, पिकाचा वाटा खोताचा. बांधावर जोळाने माती टाकण्याचे कष्ट मात्र कुळांचे. उत्पन्नात भागीदार आणि आपत्तीत परका, असा हा व्यवहार होता. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 27 ऑक्टोबर 1933 रोजी चरी येथे पुकारलेल्या संपात 25 गावांनी जमिनी न कसण्याचा निर्धार केला, तो 1939 पर्यंत टिकवला. 1937 साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. 1949 च्या कायद्याने खोती गेली. कूळकायद्याने कसणाऱ्याला मालकीचा मार्ग मोकळा झाला.

जबाबदारीचे काय झाले? 1948 च्या आणि पुढे 1979 च्या खारभूमी कायद्यांनी शासकीय योजनांतील बांध व उघाड्या शासनाच्या हाती आल्या. खोत गेला, तरी बांधाची सत्ता कसणाऱ्याकडे आली नाही. म्हणूनच पीक बुडाल्यावर मिळणारी मदत कृपा ठरते, हक्क ठरत नाही.

भाड्याच्या घराबाबत 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने निराळे तत्त्व स्वीकारले आहे. दुरुस्ती घरमालकाने करावयाची. नोटिशीनंतर 15 दिवसांत ती न केल्यास भाडेकरूने करावी आणि वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंत खर्च वळता करून घ्यावा. गळक्या छपराखाली भिजलेल्या धान्याची भरपाई या कलमात नाही. तरीही कर्तव्य कुणाचे, हे त्याने निःसंदिग्धपणे सांगितले आहे. खारेपाटाला निदान एवढे तरी मिळाले पाहिजे.

कार्यकर्त्यांचे काम पावसाळ्यापूर्वीच सुरू होते. कमकुवत बांधाची व नादुरुस्त उघाडीची लेखी सूचना द्यावी, पोच घ्यावी, ग्रामसभेत ठराव करावा. पुढे खांड पडलीच, तर पंचनाम्यात पिकाच्या क्षेत्राबरोबर त्या सूचनेची तारीखही नोंदविण्याचा आग्रह धरावा. उधाणावर कुणाची सत्ता नाही; पण सूचना मिळूनही न बांधलेल्या बांधाचा जबाबदार माणूस नावानिशी दाखविता येतो.