यंत्रांची दूरस्थ देखरेख



चेन्नईच्या अण्णा नगरात १९६८ च्या व्यापार मेळ्यासाठी बांधलेला सुमारे १३५ फुटांचा मनोरा विश्वेश्वरय्या उद्यानात आजही उभा आहे. त्याच्या माथ्यावरून भोवतालची वसाहत नजरेच्या टप्प्यात येते. त्या वसाहतीतील राउटर आणि स्विच यांवर लक्ष ठेवणाऱ्याला मात्र मनोरा चढावा लागत नाही. शेकडो कोसांवरूनही त्याला यंत्रांची खबर लागते.

त्यासाठी १९८८ साली एसएनएमपी नावाची संकेतप्रणाली सिद्ध झाली. देखरेख करणारा संगणक ठरावीक अंतराने प्रत्येक यंत्राची चौकशी करतो: किती काळ चालू आहेस? कोणत्या तारेतून किती माहिती वाहिली? यंत्रातील छोटा प्रोग्रॅम उत्तर देतो. वर्गातील हजेरीच म्हणा ना! तार तुटली, तर यंत्र आपण होऊनही वर्दी देते. परंतु ती वर्दी वाटेत हरवू शकते, म्हणून हजेरी चुकवून चालत नाही. चेन्नईतील झोहो ही कंपनी १९९६ साली अ‍ॅडव्हेंटनेट या नावाने सुरू झाली, ती याच देखरेखीची सॉफ्टवेअर घडवीत.

या प्रणालीच्या प्रारंभीच्या आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघड्यावरच प्रवास करी, आणि पुष्कळ यंत्रांत तो ‘पब्लिक’ असाच राहिलेला असे! कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवण्याचाच हा प्रकार. २००२ साली प्रमाण ठरलेल्या तिसऱ्या आवृत्तीत संदेश गूढलिपीत पाठविण्याची सोय झाली.

दुरून नुसते पाहताच येते असे नाही, आज्ञाही देता येते. आणि खरा धोका तेथेच आहे. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक सुमारे सहा तास मुके झाले, हे अनेकांना आठवत असेल. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या माहितीकेंद्रांना जोडणारे जाळेच तुटले. दुरुस्तीसाठी दुरून पोहोचावे, तर तो मार्गही बंद. आणीबाणीसाठी राखलेली निराळी वाटही चालेना. अखेर अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रांत धाडावे लागले. परक्याला रोखण्यासाठी केलेल्या कडेकोट बंदोबस्ताने त्यांनाही खोळंबून ठेवले. मग सेवा परतली, तीही टप्प्याटप्प्याने; सारा भार एकदम टाकल्यास वीजव्यवस्थेवर ताण येण्याची धास्ती होती.