ही खोड नव्हे

मी कवी माणूस. शब्दांकडे माझं लक्ष जरा जास्तच. आमच्या मारेगावात एखादं पोर सारखे डोळे मिचकावू लागलं, मान झटकू लागलं, नाहीतर उगीच घसा खाकरू लागलं, की दोन शब्द हमखास कानी येतात : 'चाळे' आणि 'खोड'. चाळे मुद्दाम केलेले असतात आणि खोड मोडायची असते. म्हणजे मूल आधीच गुन्हेगार. मग धपाटा बसतो. तेवढ्यानं भागलं नाही, तर कुणी अंगारा लावतो, कुणी ताईत बांधतो.

डॉक्टर याला 'टिक' म्हणतात. शिंक यावी तशी आतून उबळ येते. मूल ती थोडा वेळ दाबून धरतं, पण अखेर ती बाहेर पडतेच. रागावलं, टोकलं, की आणखी वाढते.

शाळकरी वयात पाचांतल्या जवळपास एका मुलाला कधी ना कधी टिक येऊन जाते. पुष्कळदा ती काही महिन्यांत आपोआप थांबते. हालचालींच्या आणि आवाजाच्या, अशा दोन्ही टिक वर्षाहून अधिक राहिल्या, तर त्या विकाराला 'टुरेट' म्हणतात. १८८५ मध्ये नऊ रुग्णांची हकिकत लिहिणाऱ्या फ्रेंच डॉक्टरचं हे नाव. २०१८ च्या 'हिचकी' चित्रपटात राणी मुखर्जीनं अशीच शिक्षिका रंगवली होती.

टुरेट असलेल्या बहुतेक मुलांना सोबत आणखीही काही असतं : अतिचंचलता, मंत्रचळ किंवा सततची चिंता. पुष्कळदा टिकपेक्षा याचाच त्रास मोठा. म्हणून पालकांनो, नुसती मान पाहू नका. पोराला झोप लागते का, अभ्यासात लक्ष लागतं का, ते पुन्हापुन्हा हात धुतं का, शाळेला भितं का, तेही पाहा. तसं काही दिसलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. २०२२ पासून टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत सल्ला मिळतो. उबळ ओळखून ती वळवायला शिकवणारे वर्तनोपचार आहेत. औषध प्रत्येकाला लागत नाही.

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही,' असं आपण म्हणतो. टिकच्या बाबतीत ते खरं नाही. दहा-बारा वर्षांच्या सुमारास ती जोर धरते आणि बहुतेकांची तारुण्यात ओसरते. वर्गात पडलेलं टोपणनाव मात्र गावभर होतं आणि जन्मभर पुरतं. गुरुजनहो, ते पडू न देणं तुमच्या हाती आहे.